एकाच खुणेवर मोजा

झाडाने किती कार्बन साठवलाय हे शाळेतली मुलंही काढू शकतात. झाड तोडावं लागत नाही. शिंप्याकडे असते तशी टेप घ्यायची आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीशी, खोडाचा घेर मोजायचा. बुंधा खाली फुगलेला असतो, म्हणून तिथे मोजत नाहीत. घेराला ३.१४ ने भागलं की खोडाची जाडी मिळते. जाडी, उंची आणि लाकडाची घनता सूत्रात घातली की झाडाच्या कोरड्या वजनाचा अंदाज येतो. त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन. वजन हजार किलो निघालं, तर कार्बन सुमारे पाचशे किलो. तेवढ्यासाठी झाडाने हवेतून अठराशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षी. वर्षभरात घेर थोडाच वाढतो. टेप वीतभर खाली धरली गेली, तर झाड उगाच जाड झाल्यासारखं दिसतं. वर धरली, तर चक्क बारीक झाल्यासारखं! म्हणून पहिल्याच वर्षी खोडावर रंगाची खूण करून ठेवतात. झाड वाढलं की खूणही वर जाणार, असं मुलांना वाटतं. दाराच्या चौकटीवर केलेल्या उंचीच्या रेघा दरवर्षी वर सरकताना त्यांनी पाहिलेल्या असतात. झाडाचं तसं नसतं. ते उंच होतं शेंड्याकडून. खालचं खोड फक्त जाड होतं, त्यामुळे खूण जागची हलत नाही. ऋतूही तोच धरावा लागतो, कारण पावसाळ्यात पाणी पिऊन खोड थोडं फुगतं.

आपण स्वतःला मात्र रोज नव्या ठिकाणी टेप लावतो. सोमवारी मित्राच्या पगाराशी, मंगळवारी चुलतभावाच्या फ्लॅटशी, बुधवारी आपल्याच वीस वर्षांपूर्वीच्या उमेदीशी. मग कधी आपण फार पुढे गेलोय असं वाटतं, कधी पार मागे पडलोय असं. झाडं मोजणारी मुलं असं करत नाहीत. शेवगा आणि कडुनिंब यांची उंची न्‌ घेर सारखा भरला, तरी साठा सारखा नसतो, हे त्यांना ठाऊक असतं. शेवग्याचं लाकूड हलकं, कडुनिंबाचं जड. म्हणून यंदाचा शेवगा गेल्या वर्षीच्या शेवग्याशीच ताडून पाहायचा. तेव्हाच त्याची वाढ कळते, आणि तेव्हाच तिचा आनंदही होतो.

आज कामाला निघण्याआधी स्वतःसाठी अशी एक खूण करून ठेवा. रोजचं चालणं असेल, महिन्याची शिल्लक असेल, नाहीतर आई-बाबांना केलेले फोन असतील. वहीत आजची तारीख घाला आणि आहे तो आकडा लिहा. लहान असला तरी चालेल. पुढच्या वर्षी याच दिवसांत तीच गोष्ट तशीच मोजा. घरातल्या मुलांचे गुण बघतानाही शेजारच्या मुलाचे विचारू नका, त्यांचेच मागचे गुण काढून बघा. रोज थोडंथोडं करणाऱ्याची वाढ होतच असते. ती नीट दिसावी एवढी सोय आपण करायची.