उतार कुणाच्या दारातून जाणार?

ऑगस्ट २०२१च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हा कुणाचं धान्य वाचलं आणि कुणाचं भिजलं, हे बऱ्याच घरी जोत्याच्या उंचीनं ठरवलं. तेव्हा ओटा उंच बांधू नका, असं नदीकाठच्या माणसाला कोण सांगणार? पण त्याच ओट्यावर चाकाच्या खुर्चीतला माणूस अडकतो. साहित्यवाटपाच्या शिबिरात खुर्ची मिळते, फोटो निघतो आणि खुर्ची आतल्या खोलीत कपडे वाळत घालायच्या कामी येते.

उतार बांधायचा तर प्रमाण एकास बारा. ओटा दोन फूट असेल तर उतार चोवीस फूट हवा. जुन्या वस्तीतली गल्लीच मुळात तेवढी रुंद नसते. मग उतार घराला समांतर वळवायचा, वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडायची, आणि हे सगळं जातं शेजाऱ्याच्या दारापुढून. म्हणून सिमेंट, वाळू, गवंडी ही या कामातली सोपी बाजू. देणगीदार तेवढं देऊ शकतो. शेजाऱ्याची चार फूट जागा देणं त्याच्या हातात नसतं. जागा वाचवायला उतार आखूड केला, की तो घसरगुंडी होतो. असे उतार सरकारी इमारतींपुढेही दिसतात. काम झाल्याची नोंद होते, खुर्ची मात्र चढत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगितलं आहे. गल्लीतल्या घराचं काय, ते गल्लीनंच पाहायचं.

श्रमदान या तालुक्याला नवं नाही. ‘मिशन ५०० कोटी लिटर जलसाठा’सारखं पाणी अडवायचं काम इथं लोकांनी उचललं. पण बांधाचं पाणी सगळ्यांच्या विहिरींना मिळतं. उतार एकाच घराचा. तिथं माणसं जमवणं अवघड. १९६९पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरांत पोरं गाव झाडतात. मला विचाराल तर त्यातले दोन दिवस अशा एकेका घराच्या कामाला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या धाब्यावर माती टाकायला द्यावेत. मुलगा सुरतेला, धाबं गळतंय आणि मृग तोंडावर आलाय, अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. मात्र घरात शिरण्याआधी तिला विचारावं. कदाचित तिला आधी न्हाणीघरात धरायला दांडा हवा असेल.

उतारामुळे रस्ता अडतो, अशी तक्रार हमखास येते. गल्लीत पुढे सरकलेल्या ओट्यांबद्दल ती सहसा येत नाही. नगरपालिकेनं अशा उतारांना रीतसर परवानगी द्यावी. आणि गल्लीगल्लीतल्या मंडळांना एवढंच विचारतो: गणपतीच्या मांडवासाठी आपण दहा दिवस रस्ता देतो ना? मग शेजाऱ्याला चार फूट कायमचे द्या.