शुल्कमाफीच्या पलीकडे : शिष्यवृत्ती आणि सामाजिक चलनशीलता

सामाजिक चलनशीलता म्हणजे जन्माने मिळालेल्या आर्थिक-सामाजिक स्तरातून व्यक्तीने किंवा कुटुंबाने दुसऱ्या स्तरात जाणे. ज्या समाजात मुलाचे भवितव्य त्याच्या आईवडिलांच्या जातीवरून, जमिनीवरून किंवा मिळकतीवरून आधीच सांगता येते, तेथे ही चलनशीलता क्षीण असते, आणि ती वाढवण्याचे प्रमुख साधन म्हणून आधुनिक राज्यसंस्था उच्च शिक्षणाकडे पाहत आली आहे. मात्र महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि पदवी पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांच्यातील अंतर पुष्कळदा गुणवत्तेपेक्षा पैशाने ठरते.

हा पैसा तीन ठिकाणी लागतो. पहिला खर्च शुल्काचा. दुसरा राहण्या-जेवण्याचा, प्रवासाचा आणि पुस्तकांचा. तिसरा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही, कारण तो शिकण्याच्या काळात बुडालेल्या मजुरीचा असतो. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात, म्हणजे एक पर्याय निवडल्यामुळे सोडून द्यावा लागलेला दुसऱ्या पर्यायातील लाभ. नंदुरबार किंवा गडचिरोली जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या शेतमजुराच्या मुलीचे शुल्क पूर्ण माफ झाले, तरी खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल दरमहा द्यावेच लागते, आणि घरी तिच्या हातची मजुरी थांबलेली असते.

महाराष्ट्रातील शिक्षणकार्याच्या धुरीणांनी हे फार पूर्वी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. खेड्यातील मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल, तर शाळा कितीही चांगली असली तरी ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच आहे, हा विचार त्यामागे होता. 1919 साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वसतिगृहाला कार्याच्या केंद्रस्थानी ठेवले आणि ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीने संधी-खर्चाच्या प्रश्नालाच हात घातला.

मदत किती काळ टिकावी, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातून स्पष्ट होतो. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले. असामान्य प्रज्ञेच्या विद्यार्थ्यालाही मुदतीच्या एका अटीने तीन वर्षे थांबवले, तर सामान्य विद्यार्थ्याचे शिक्षण अशा वेळी कायमचेच सुटते. त्याच काळात बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. आर्थिक साहाय्याने पदवी मिळते, पण प्रतिष्ठेसाठी समाजालाही बदलावे लागते, ही त्या साहाय्याची मर्यादाही येथे दिसते.

1944 साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची देशातील सर्वांत महत्त्वाची योजना होय. 2021 पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शुल्काव्यतिरिक्त मिळणारा शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला 2,500 ते 13,500 रुपये आहे. याउलट शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने आखलेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये धरले आहेत. शहरात राहण्यास किती लागते याचा शासनाचाच हा हिशेब मान्य केला, तर मुख्य योजनेतील भत्ता किती तोकडा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. त्यातच रक्कम अनेकदा वर्ष सरत आल्यावर खात्यात जमा होते, आणि तोवर सावकाराचे व्याज किंवा अर्धवेळ नोकरी यांनी अभ्यासाची जागा घेतलेली असते.

उत्पन्नमर्यादेचा प्रश्नही असाच आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. ही रेषा थोडीशी ओलांडणाऱ्या कुटुंबाचा लाभ एकदम तुटतो, म्हणजे किरकोळ पगारवाढही त्याला तोट्यात नेऊ शकते. उत्पन्न वाढेल तसे साहाय्य टप्प्याटप्प्याने कमी करणे हा यावरील सरळ उपाय आहे.

शैक्षणिक कर्ज असताना अनुदान कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ज्या कुटुंबाकडे जमीनजुमला, ओळखी किंवा नोकरीची हमी नाही, त्याच्यासाठी कर्ज म्हणजे अनिश्चित मिळकतीवर काढलेली निश्चित देणी होत. म्हणून कर्ज हे साहाय्याला पूरक ठरू शकते, त्याला पर्याय ठरू शकत नाही.

महाराष्ट्राने 2024-25 पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नगटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत दिलेली शुल्कमाफी स्वागतार्ह आहे, पण शुल्कमाफीची रक्कम अखेर संस्थेकडे जाते आणि विद्यार्थिनीच्या जेवणाचा प्रश्न तसाच राहतो. शिष्यवृत्तीचे यश किती अर्ज मंजूर झाले यावर मोजणे थांबवून किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले यावर मोजले पाहिजे. त्यासाठी निर्वाह भत्ता शहरातील खऱ्या खर्चाइतका असावा, सत्राच्या आरंभी मिळावा आणि अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत खंडित होऊ नये. एवढे झाल्याशिवाय समान संधीचे आश्वासन कागदावरच राहील.