विसावा हिस्सा आणि हिशेबाची वही

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले. ४०० रुपये मजुरी पडली तर २० रुपये. हिमायतनगरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला २० रुपये म्हणजे काय, हे आम्हा पगारदारांनी आधी समजून घ्यावे.

आता पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावे लागत नाही. विहार असो की वसतिगृह, मोबाईलवरून पैसे जातात. सोय झाली खरी. पण वर्गणी मागणारा ओट्यावर बसे, तेव्हा "मागच्या पैशाचे काय केले?" असे तोंडावर विचारता येई. आता विचारायचे कोणाला?

काही उपासक म्हणतात, दान देऊन विसरावे. हिशेब मागणे ही अश्रद्धा. मला हे पटत नाही. भटजीच्या दक्षिणेचा हिशेब आपण मागत नव्हतो, कारण ती पुण्यासाठी होती. विसावा हिस्सा कामासाठी आहे. कालामांना ऐकीव गोष्ट पारखून घ्या म्हणणारे तथागत वही पाहणाऱ्याला अश्रद्ध म्हणतील काय? नोंदणीकृत न्यासाला तर १९५० च्या कायद्यानेही हिशेब ठेवावाच लागतो. तेव्हा बंधुभगिनींनो, जमाखर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लावा. देणगीदारांच्या नावांचा फलक मात्र नको; ५,००० च्या ओळीखाली त्या बाईचे २० रुपये दिसत नाहीत.