पहिली तबकडी घेण्यापूर्वी





लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची जुनी, मूळ काळातली तबकडी घ्यावी की ‘मदरशिप’ हा निवडक गाण्यांचा संच, असं तू विचारलं आहेस. पैसे जपून खर्च करायचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ ध्वनिफीत एकच असली, तरी ती तबकडीवर उतरवताना खर्ज किती ठेवायचा, आवाज किती चढवायचा, हे कुणीतरी ठरवत असतं. १९६९ च्या ‘लेड झेपेलिन २’ची पहिली अमेरिकन तबकडी बॉब लडविग यांनी कापली. तिचा आवाज इतका दणकट होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची. मग कंपनीने तोच अल्बम सौम्य करून पुन्हा कापला. म्हणून लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत लडविग यांची ‘आरएल’ (रॉबर्ट लडविग) ही आद्याक्षरं कोरलेली प्रत संग्राहक शोधतात आणि तिला भारी किंमत मोजतात. अक्षरं खरी असली, तरी जड सुईने खाचा झिजल्या असतील तर हाती खरखरच येते. ऐकल्याशिवाय अशी प्रत घेऊ नकोस.

‘मदरशिप’ २००७ चा. दोन सीडींत चोवीस गाणी. ओळख करून घ्यायला उत्तम. पण त्यात आवाज सतत चढा ठेवला आहे, त्यामुळे हळू आणि जोरकस यांतलं अंतर कमी होतं. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. मूळ ‘लेड झेपेलिन २’मध्ये ‘हार्टब्रेकर’ तुटतं आणि त्याच क्षणी पुढचं गाणं सुरू होतं. संचात तिथे ‘इमिग्रंट साँग’ येतं. आपल्या कारकिर्दीत या बँडने ब्रिटनमध्ये सुट्या गाण्याची एकही तबकडी (सिंगल) काढली नाही. त्यांच्या लेखी अल्बम हीच पूर्ण रचना होती, आणि आपणही ती तशीच ऐकावी.

जुनं तेच खरं, असंही मानू नकोस. तबकडीच्या मध्याकडे सुई जाते तसा तपशील पुसट होत जातो, आणि ‘स्टेअरवे टू हेवन’चा कळस नेमका बाजूच्या शेवटी येतो. शिवाय २०१४-१५ मध्ये बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी स्वतः लक्ष घालून सगळे स्टुडिओ अल्बम नव्याने काढले. पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांबरोबर केलेली ध्वनिमुद्रणं या अल्बमपैकी ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे ऐकायला मिळाली. जुन्या कुठल्याच अधिकृत तबकडीत ती नाहीत.

तेव्हा माझा सल्ला असा: संच इंटरनेटवर ऐक, आणि पैसे २०१४ च्या आवृत्तीतल्या ‘लेड झेपेलिन २’च्या तबकडीला दे. उरलेल्या पैशांत चांगली सुई घे. आणि दोन्ही बाजू न थांबता, क्रमाने ऐक.

तुझा,
काका