नवऱ्याच्या कागदावर

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळणारी मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला जाते आणि तिची कमाई थांबते. तिच्या पासपोर्टवर एच-४ व्हिसा असतो. नवरा एच-१बीवर नोकरी करतो म्हणून तिला तिथे राहता येतं, पण पगार घेणं बेकायदा. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून स्वतःच्या नावावर पत उभी करणं अवघड.

परदेशी गेलेल्या बायकांविषयी आपण बोलतो ते थंडीबद्दल, एकटेपणाबद्दल. तो त्रास खराच. पण त्यातून बायका वाट काढतात. मैत्रिणी मिळतात, मराठी मंडळं असतात. कायद्याने घातलेली गाठ जिद्दीने सुटत नाही. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. मारणाऱ्या नवऱ्याला ‘परत पाठवीन’ एवढंच म्हणावं लागतं. न्यू जर्सीत १९८५ साली दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली, ती अशा घरांतल्या बायकांना आधार हवा होता म्हणून.

आणि नवरा चांगला असला तरी? २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलेथ इथे श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याला वंशद्वेषातून गोळ्या घातल्या गेल्या. त्याची पत्नी सुनयना दुमाला हिचा अमेरिकेत राहण्याचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. अंत्यसंस्कारासाठी भारतात आलेल्या त्या बाईला परत जाता येईल की नाही, हेच ठरेना. काँग्रेस सदस्य केव्हिन योडर यांनी खटपट केली, तेव्हा मार्ग निघाला. ज्यांच्यासाठी कुणी खासदार धावत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

मे २०१५ पासून काही एच-४ पत्नींना काम करता येतं. त्यासाठी बहुधा नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. म्हणजे इथेही आधी तोच. शिवाय हा संसदेचा कायदा नव्हे, प्रशासनाचा नियम. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि हजारो घरांत बायकांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. तो नियम गेला तर उरते ती ग्रीन कार्डाची वाट, आणि त्यात एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवलेला, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची.

दुसरं काही सुचलंच नाही, असं अमेरिकेला म्हणता येणार नाही. कंपनीने बदली करून आणलेल्या एल-१ कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला २००२ पासून काम करता येतं. निर्वासित म्हणून नवऱ्याबरोबर प्रवेश मिळालेल्या बाईला तर पहिल्या दिवसापासून. मग एच-१बीवाल्याच्या बायकोनेच वर्षानुवर्षं का थांबायचं? हक्क ज्याच्या त्याच्या नावाने, देशात पाऊल टाकतानाच दिला पाहिजे.

आपल्याकडेही स्थळ बघताना पत्रिका जुळवतात, पगार विचारतात, शहर विचारतात. मुलीला तिथे काम करता येईल का, आणि लग्न मोडलं तर ती कोणत्या व्हिसावर राहील, हे प्रश्न साखरपुड्याआधी, मुलीसमोर, मुलाला विचारायला हवेत.