तिला ऐकू येत नव्हतं

बसा सगळे. गिटार पिशवीत घाल, आज वाजवायचं नाहीये. दार लोटून घे.

काल कार्यालयात मी तिसऱ्या रांगेत होतो. चौथ्या गाण्यापासून आपल्या गायिकेचा तार षड्ज चढा लागायला लागला आणि तुमच्यापैकी एकानंही मान वर केली नाही. सात वर्षं शिकतेय ती माझ्याकडे. झोपेतून उठवून विचारलं तरी पंचम नेमका लावेल. स्वतःचा आवाजच कानावर पडत नव्हता म्हणून ती गळा ढकलत होती. आज सकाळी फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं. मी बोलावलंय ते त्यासाठी. माइकनं तीनदा शिट्टी मारली, ते पाहुणे उद्या विसरतील.

आणि कशामुळे झालं हे? पाच कार्यक्रमांची बिदागी साठवून आणलेल्या त्या दोन पंधरा इंची स्पीकरच्या पेट्यांमुळे. दुकानात गेलात, पाठीमागच्या पट्टीवर २००० वॅट वाचलंत आणि पैसे मोजलेत. तिला सोबत नेलंत? तिचा माइक नेलात? मोबाइलवरचं गाणं लावून, पेटीसमोर हात बांधून उभे राहिलात आणि छातीत धडधडलं म्हणून माल चांगला ठरवलात. मॉनिटर लोकांना हलवायला असतो का रे? तो गाणाऱ्याला स्वतःचा सूर सापडावा म्हणून असतो.

वॅटचं आधी ऐका, कारण तिथंच फसलात. पट्टीवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या शिखराचा असतो. पेटी सतत जे पेलते ते त्याच्या निम्मं, अनेकदा पावच. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबल. उलट आठ फुटांवरची पेटी चार फुटांवर ओढा, भिंतींवरून परत येणारा आवाज सोडला तर ६ डेसिबल वाढतात. तेवढ्यासाठी वॅट चौपट करावे लागले असते. काल तिच्यापासून पेटी किती लांब होती? मी मोजली. नऊ फूट. का, तर फोटोत पेटी येऊ नये म्हणून.

आता पंधरा इंचाकडे या. ती काळी चारात गाते. मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्‌झ. मंद्र पंचमापर्यंत उतरली तरी १५६. त्याच्या खालचं तिच्या मॉनिटरमधून यायचं कारण काय? पण तुमच्या पेटीतून बेस गिटार आणि ऑक्टोपॅडचा ठोका धो धो येत होता, तो लाकडी स्टेजमधून घुमत होता आणि तिचे शब्द त्याच्याखाली गाडले जात होते. एवढ्याशा स्टेजला गाण्यासाठी दहा किंवा बारा इंची चांगला मॉनिटर पुरतो, तो एकट्याला उचलता येतो, आणि खालचा पट्टा १२० च्या आसपास कापून टाकला की गळा स्वच्छ ऐकू येतो. ऑक्टोपॅडचं वेगळं आहे. त्या वाद्याला स्वतःचा आवाजच नसतो, पेटीतून येईल तेवढंच वाजवणाऱ्याला ऐकू येणार. त्याला बारा इंची द्या, माझी ना नाही. पण त्याची भूक तिच्या पेटीतून भागवायची नाही.

आडवी ठेवली होती ना ती पेटी? ती उभी वापरायला बनवलेली आहे. तिचा हॉर्न उभ्या पेटीत रुंदीला ९० अंश आणि उंचीला ६० अंश आवाज पसरवतो, तो फिरवता येत नाही. आडवी टाकली की ते ९० अंश छताकडे आणि जमिनीकडे गेले, रुंदीला उरले ६०. ती जरा जास्त बाजूला सरकली की आवाजाबाहेर. शिवाय तोंड होतं तिच्या गुडघ्यांकडे. गुडघ्यांना कान असतात?

आणि तो नवा माइक. जुना माइक होता कार्डिऑइड, त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीसमोर ठेवायचा. तुम्ही बदलून सुपरकार्डिऑइड आणलात. चांगली गोष्ट केलीत. पण त्याला शेपटीकडचं थोडं ऐकू येतं. त्याची बहिरी जागा साधारण १२६ अंशांवर, मागच्या दोन्ही बाजूंना असते. पेटी तिरकी सरकवायची होती. तुम्ही जुन्याच जागी ठेवलीत आणि शिट्टी आल्यावर साउंडवाल्या पोरावर ओरडलात. त्यानं बिचाऱ्यानं तिचाच आवाज खाली घेतला. दुसरं काय करणार होता?

चार मॉनिटर घ्यायचा बेत आहे म्हणे. आपल्या मिक्सरवर ऑक्स, म्हणजे प्रत्येक पेटीला वेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा, किती आहेत, सांग. दोन. त्यातला एक इफेक्टला जातो. म्हणजे चारही पेट्यांतून एकच खिचडी येणार. आधी मिक्सर बघायचा, फेडरच्या आधीचे ऑक्स किती ते मोजायचं आणि मग पेट्या ठरवायच्या. कानातले मॉनिटर हवेत असं परवा कोणी म्हणालं. मिक्सरवर कायमचा माणूस नाही, अचानक येणारा दणका रोखणारा लिमिटर नाही आणि थेट कानात आवाज सोडणार? आत्ता नाही.

तुमच्या तालमीच्या खोलीत बीटल्सचं चित्र आहे. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ते पंचावन्न हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवत होते, तेव्हा स्टेजवर मॉनिटर नव्हते. किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्यांच्याजवळ साधनच नव्हतं. तुमच्याजवळ साधन होतं, आणि ते तुम्ही तिच्याविरुद्ध लावलंत.

कारण शेवटी पेटीपेक्षा तुमचे हात दोषी आहेत. गिटारचा अँप तू तुझ्या पोटऱ्यांवर रोखतोस, तुला ऐकू येत नाही म्हणून वाढवतोस. मग बेस वाढवतो, मग ऑक्टोपॅड. तिला मात्र वाढवता येत नाही, कारण तिच्यापुढे उघडा माइक आहे, वाढवलं की शिट्टी. तुमच्या चढाओढीत हरणार ती एकटीच. काल स्टेजच्या कडेला माझ्या मीटरवर १०० डेसिबल होते. अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ ला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशेब करा. शंभरला पंधरा मिनिटं. तुम्ही अडीच तास वाजवलंत. तुमचे कानही तुमचे एकट्याचे नाहीत, मी घडवलेत ते.

त्या पेट्या विकू नका. त्या लोकांकडे तोंड करून, स्टँडवर उभ्या चालतील. अँप खुर्चीवर ठेवून कानाकडे तिरपा करायचा, हे आजपासून. मॉनिटर घ्यायला तिचा गळा सुटल्याशिवाय जायचं नाही. जाल तेव्हा तिचा माइक आणि आपला मिक्सर न्यायचा, तिनं माइकसमोर उभं राहून गायचं, आणि शिट्टी येईपर्यंत चढवून बघायचं. ज्या पेटीत ती सगळ्यात हळू गाऊनही स्वतःला ऐकू शकेल ती घ्यायची. पट्टीवरचा आकडा कोणी वाचायचा नाही.

आणि शनिवारचा कार्यक्रम. तिला मी आठ दिवस मौन सांगितलंय. फोन काढ. आयोजकांना आत्ता लाव, इथेच, माझ्यासमोर. गायिका आजारी आहे असं सांगायचं नाही. आमची चूक झाली असं सांग.