शेवटचा फेरा



करिंथ येथील मंडळीस लिहितांना पौल प्रेषितानें शर्यतींत धांवणाऱ्याचा दाखला घेतला आहे. त्या शहराजवळ मोठे सामने भरत असत, म्हणून तो तेथील लोकांस सहज समजला. सुकून जाणाऱ्या मुकुटासाठींही धांवणारा आपल्या देहास लगाम घालतो. मग आपण किती अधिक झटावें, असा त्याचा भावार्थ. आज आम्ही अशा एका धांवणाऱ्याची हकीकत आपणांपुढें ठेवतों, कीं ज्याचा देह लगामांत होता, परंतु मन पुष्कळ काळ लगामांत नव्हतें.

लुई झांपेरिनी हा इटालियन आईबापांचा मुलगा १९१७ सालीं अमेरिकेंत जन्मला व कॅलिफोर्नियांतील टॉरन्स या गांवीं वाढला. लहानपणीं चोरी व मारामारी हाच त्याचा उद्योग. थोरला भाऊ पीट यानें त्यास धांवण्याची गोडी लाविली. १९३६ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, तो बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत ५,००० मीटर धांवला. नंबर आठवाच आला. परंतु शेवटचा फेरा त्यानें सुमारें ५६ सेकंदांत काढिला, हें पाहून प्रेक्षक थक्क झाले. पुढें तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतर्फे धांवूं लागला. १९३८ सालच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनीं बुटांच्या खिळ्यांनीं त्याच्या नडग्या फोडिल्या; तरी रक्ताळलेल्या पायांनीं त्यानें एक मैल ४ मिनिटें ८.३ सेकंदांत संपविला. तो विक्रम कॉलेजांच्या सामन्यांत १५ वर्षें टिकला.

मग महायुद्ध आलें. १९४० सालचे ऑलिंपिक सामने भरलेच नाहींत, आणि लुई विमानदळांत गेला. ता. २७ मे १९४३ रोजीं त्याचें विमान पॅसिफिक महासागरांत कोसळलें. ११ जणांपैकीं तिघे वांचले. पावसाचें पाणी, हातीं लागलेले पक्षी व मासे यांवर ते रबरी तराफ्यावर दिवस कंठूं लागले. तिघांतील एक वाटेंतच मरण पावला. ४७ दिवसांनीं उरलेले दोघे जपानी सैन्याच्या हातीं पडले. पुढें ओमोरी व नाओएत्सु येथील छावण्यांत मुत्सुहिरो वातानाबे नांवाच्या अंमलदारानें लुईस हेरून त्याचे अतोनात हाल केले.

१९४५ सालीं तो घरीं आला. परंतु देह तेवढा घरीं आला. रात्रीं स्वप्नांत तो वातानाबेचा गळा आवळी. पुन्हां धांवून पाहिलें, तों छावणींत दुखावलेल्या पायानें दगा दिला. दारूचें व्यसन जडलें, आणि जपानांत जाऊन त्या मनुष्यास ठार मारावें, हा एकच ध्यास राहिला.

येथें आपण क्षणभर थांबूं. ज्या चिकाटीनें त्यास समुद्रांत व कैदेंत तारिलें, तीच चिकाटी आतां द्वेषाची चाकरी करूं लागली. मनुष्याचें बळ त्यास पुष्कळ दूर नेतें. परंतु द्वेषांतून बाहेर नेत नाहीं.

१९४९ सालीं लॉस एंजल्स येथें बिली ग्रॅहम यांच्या सभा मोठ्या तंबूंत चालल्या होत्या. पत्नीच्या आग्रहावरून लुई गेला, आणि रागावून परतला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हांही तो उठून जाण्याच्या बेतांत होता. इतक्यांत, तराफ्यावर असतां देवास दिलेलें वचन त्यास आठवलें. तो वळला व प्रभूस शरण गेला. त्या रात्रीपासून तें स्वप्न पुन्हां पडलें नाहीं, अशी त्याची साक्ष आहे. १९५० सालीं तो टोकियोच्या सुगामो तुरुंगांत गेला आणि आपल्या पूर्वीच्या पहारेकऱ्यांस त्यानें जवळ घेतलें.

वातानाबे मात्र त्यांत नव्हता. तो लपून राहिला होता. १९९८ सालीं, ८१ व्या वर्षाच्या सुमारास, ज्या ठिकाणीं आपण कैदी होतों तेथेंच लुईनें हिवाळी ऑलिंपिकची मशाल हातीं घेऊन धांव घेतली. त्यानें वातानाबेस क्षमेचें पत्र लिहिलें व भेट मागितली. वातानाबे भेटला नाहीं. तो २००३ सालीं वारला. लुई २०१४ सालीं, ९७ व्या वर्षीं.

वाचकहो, आम्हांस सांगावयाचें तें येथेंच आहे. शत्रु आला नाहीं, त्यानें पश्चात्ताप केला नाहीं. तरी लुईची क्षमा अपुरी राहिली नाहीं. आपल्यांतील कितीएक जण म्हणतात, "त्यानें आधीं पायां पडावें, मग पाहूं." कोणास विहिरीवरून हांकून दिलें, कोणाच्या सख्ख्या भावानें बांध कोरिला, आणि दोघे एकाच मंदिरांत दोन भिंतींस टेकून बसतात. ज्याची वाट पाहावी, तो कदाचित् कधींच येणार नाहीं. तोंवर आपण कोणाच्या कैदेंत राहणार?

तथापि क्षमा करणें म्हणजे अन्यायास न्याय म्हणणें नव्हे. वातानाबेचें कृत्य पाप होतें व पापच राहिलें. विहिरीचा हक्क मागणें, मारहाणीची फिर्याद देणें, यांत दोष नाहीं; दोष आहे तो सूड उराशीं बाळगण्यांत.

आणि उपदेशक बंधूंनो, जखमी मनुष्यास "आजच क्षमा कर" असें दटावूं नका. लुईस चार वर्षें लागलीं, आणि एकदां तर तो तंबूंतून रागानें निघूनही गेला. दार उघडें ठेवा, त्याच्या घरीं जात राहा, त्याच्यासाठीं प्रार्थना करा. जो पहिल्या दिवशीं निघून गेला, तो दुसऱ्या दिवशीं वळूं शकतो.

येत्या प्रभुभोजनापूर्वीं आपण प्रत्येकानें एका मनुष्याचें नांव देवापुढें घ्यावें. तो येवो अथवा न येवो, आपला फेरा आपण पुरा करावा. त्यासाठीं लागणारें बळ आपल्या पायांत नाहीं. जो वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठीं प्रार्थना करिता झाला, तोच तें देतो. आमेन.